नोंदवहीतून हरवलेली माशी

आमच्या कचेरीत माझ्या टेबलाच्या डाव्या हाताला एक जुनी लाकडी खिडकी आहे. पूर्वी कधीतरी तिला जाळी बसवली होती. जाळी गेली, स्क्रूची भोकं तेवढी राहिली. गेल्या वर्षी चतुर्थीची सुट्टी संपवून कामावर रुजू झालो, तेव्हा त्या भोकांत एक काळी माशी ये-जा करताना दिसली. आकाराने साध्या मधमाशीएवढी, पोटाच्या सुरुवातीला पांढरा पट्टा, आणि पोटाखाली हळद फासल्यासारखे पिवळे पराग. पायांना नव्हे, पोटाला! भोकात शिरायची, थोड्या वेळाने बाहेर यायची, पुन्हा तेच. आमचा शिपाई म्हणाला, "कुंभारीण ती, सायबा." पण कुंभारीण आपण लहानपणापासून पाहतो. ती भिंतीवर मातीचे बुडकुले करते आणि त्यांत अळ्या कोंबते. ही काही कोंबत नव्हती, परागच आणत होती.

जेवणाच्या सुट्टीत मोबाईल खिडकीला टेकवून मी आठेक दिवसांत साठ-सत्तर फोटो काढले. त्यातले चार धड आले. ओळखीच्या एका प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांना ते दाखवले. ते म्हणाले, "मेगाकायली कुळातली दिसते. जात कुठली ते फोटोवरून सांगता येणार नाही. एकटी राहणारी माशी आहे, पोळं नाही, मध नाही. एकेका भोकात पराग भरायचा, अंडं घालायचं, राळेने किंवा मातीने तोंड बंद करायचं." मेगाकायली म्हणजे ग्रीकमध्ये "मोठ्या ओठांची".

पुढच्याच आठवड्यात कचेरीची रंगरंगोटी निघाली आणि रंगाऱ्याच्या पोराने त्या भोकांत लांबी भरून वर गुळगुळीत पॉलिश मारलं. त्याचा दोष नाही, त्याला सांगणार कोण? सांगायला हवं होतं ते मी, आणि मी त्या दिवशी रजेवर होतो.

तर मुद्दा असा की त्या चार फोटोंच्या निमित्ताने मी मेगाकायलीविषयी मिळेल ते वाचत गेलो आणि एका वेगळ्याच माशीपाशी येऊन थांबलो. याच कुळातली, पण जगातली सर्वांत मोठी माशी. मादीची लांबी सुमारे ३८ मिलिमीटर, म्हणजे आपल्या अंगठ्याएवढी. पंख पसरले की अडीच इंच. मेगाकायली प्लूटो तिचं नाव. तिचा इतिहास वाचताना मला कारकून म्हणून जो प्रश्न पडला तो पुढे सांगतो. आधी एवढंच सांगतो, की ही माशी जिथली आहे ती बेटं आपल्या गोव्याला परकी नाहीत.

इंडोनेशियाच्या पूर्वेला मलुकु नावाची बेटं आहेत. लवंग मुळात उगवायची ती इथल्याच पाच चिमुकल्या बेटांवर : तेर्नाते, तिदोरे, मोती, माकियान आणि बाचान. या लवंगेपायीच पोर्तुगीज तिथे पोचले. १५२२ साली त्यांनी तेर्नातेला किल्ला बांधायला घेतला आणि १५७५ साली तेर्नातेच्या सुलतानाने त्यांना तिथून हाकललं. मधली पन्नास वर्षं त्या किल्ल्याचा वरिष्ठ दरबार कुठे होता? आपल्या जुन्या गोव्यात. तबारिजी नावाच्या तिथल्या सुलतानाला १५३५ साली पदच्युत करून गोव्यालाच आणून ठेवलं होतं. इथे त्याचा बाप्तिस्मा झाला, "दों मानुएल" झाला, आणि परत जाताना १५४५ साली वाटेत मलाक्कात वारला. बॉम जेझूसच्या बाझिलिकेत ज्यांचं शव आहे आणि ज्याच्या प्रदर्शनाला २०२४ च्या अखेरीस सगळा गोवा लोटला होता, ते फ्रान्सिस झेवियरही १५४६-४७ मध्ये याच बेटांवर फिरत होते. म्हणजे त्या काळी गोव्याच्या दप्तरात मलुकुची लवंग होती, सुलतान होते, बाटलेले आणि न बाटलेले लोक होते. माशी मात्र नव्हती. साहजिक आहे. जकात ज्याच्यावर, नोंद त्याची!

माशीची नोंद व्हायला आणखी तीन शतकं लागली.

आल्फ्रेड रसेल वॉलेस हे नाव पुष्कळांना डार्विनमुळे ठाऊक असेल. घरची गरिबी, शिक्षण चौदाव्या वर्षी सुटलेलं. पोटासाठी प्राणी-पक्षी-कीटक गोळा करायचे आणि लंडनमधल्या आपल्या दलालाकडे, सॅम्युएल स्टीव्हन्सकडे, विक्रीला पाठवायचे, हा त्याचा धंदा. १८५४ ते १८६२ अशी आठ वर्षं तो मलय द्वीपसमूहात फिरला आणि सव्वा लाखाच्यावर नमुने त्याने जमवले. जानेवारी १८५८ मध्ये तो तेर्नातेला आला. तिथूनच, हिवतापातून उठल्यावर, त्याने डार्विनला ते प्रसिद्ध टिपण पाठवलं. नैसर्गिक निवडीचा विचार डार्विनखेरीज आणखी कुणाला सुचला आहे हे त्या टिपणाने उघड झालं, आणि १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचे लेख एकत्र वाचले गेले. तेव्हा वॉलेस हजारो मैल दूर किडे पकडत होता. त्याला याची गंधवार्ताही नव्हती.

त्याच वर्षी ऑक्टोबरात तो बाचानला गेला आणि एप्रिल १८५९ पर्यंत तिथे राहिला. तिथल्या वस्तीचं वर्णन करताना त्याने "ओरांग सिरानी" या लोकांबद्दल लिहिलं आहे. हे पोर्तुगीजांचे ख्रिस्ती वंशज. पोर्तुगीज जाऊन तीनेकशे वर्षं होत आली होती, पण ही माणसं अजून नाचाची शौकीन होती. "सिरानी" म्हणजे नसरानी, नाझरेथच्या येशूचे. हे वाचताना मला आपल्याकडच्या जुन्या वाड्यांतली दिवाणखान्यातली फेस्ताची संध्याकाळच आठवली. असो.

बाचानवर वॉलेसला दोन मोठी घबाडं मिळाली. एक स्वर्गीय पक्षी, जो प्रत्यक्षात त्याच्या अली नावाच्या सारवाकच्या तरुण मदतनिसाने टिपून आणला, पण ज्याला नाव पडलं वॉलेसचं. दुसरं, सोनेरी-केशरी पंखांचं भलं मोठं फुलपाखरू. ते जाळ्यात सापडलं तेव्हा छाती इतकी धडधडली, की उरलेला दिवस डोकं दुखत राहिलं असं तो स्वतः सांगतो. याच मुक्कामात त्याच्या हाती ही माशी लागली. एकच मादी. तिच्याबद्दल मात्र ना धडधड, ना डोकेदुखी. टिपणवहीत जेमतेम एक ओळ : मोठा, काळा, गांधीलमाशीसारखा कीटक, जबडे केवढेतरी मोठे. सव्वा लाख नमुन्यांच्या रांगेत आणखी एक नमुना जमा झाला, एवढंच.

तो लंडनला पोचल्यावर ब्रिटिश म्युझियममधल्या फ्रेडरिक स्मिथने १८६० साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि रोमन पाताळदेवाचं नाव दिलं, प्लूटो. स्मिथला तिचं मोल कळलं होतं. वॉलेसच्या मधमाश्यांमधली ही सर्वांत भव्य भर, अशा आशयाचं त्याने लिहून ठेवलं. ती टाचलेली मादी आजही ऑक्सफर्डच्या संग्रहालयात आहे.

आणि तिथेच फाईल बंद झाली. ती राहते कुठे, खाते काय, ते जबडे कशाला, कशाचाच पत्ता नाही. दहा वर्षं गेली, पन्नास गेली, शंभर गेली. दुसरी माशी काही कुणा शास्त्रज्ञाला दिसली नाही. नामशेष झाली असावी असंच धरून चालले होते.

१९८१ साली अॅडम मेसर नावाच्या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाला ती पुन्हा सापडली. बाचानला आणि आसपासच्या बेटांवर. त्याने नुसती माशी पकडली नाही, तिचं घर पाहिलं, आणि त्यावरचा लेख १९८४ साली छापून आला. सव्वा शतक कुणाला दिसली नाही याचं कारण त्या घरात होतं.

वाचकहो, ही माशी वाळवीच्या घरात राहते! मलुकुच्या जंगलात एक वाळवी झाडाच्या खोडावर वारूळ बांधते. रिकामं सोडलेलं नव्हे, चांगलं नांदतं वारूळ. त्याला भोक पाडून ही मादी आत बोगदा करते आणि त्याला आतून राळेचा लेप देते. जबडे असतात ते यासाठी : झाडाच्या खोडावरून राळ खरवडायची, तिचा गोळा वळायचा आणि जबड्यात धरून उडत आणायचा. राळेपलीकडे वाळवीला येता येत नाही. एकाच दारातून अनेक माद्या ये-जा करताना मेसरला आढळल्या, पण राणी नाही, कामकरी नाहीत, मधाचं पोळं नाही. नरांना असले जबडे नसतात, ते आकारानेही बरेच लहान.

आपण गोव्याची माणसं. आपल्याला वारुळाचं अप्रूप सांगायला नको. रोयण म्हणजे सातेरी, आणि सातेरी म्हणजे गावची आई. मूर्ती नंतर आल्या, आधी गर्भगृहात वारूळच होतं, आणि काही देवळांत ते आजही आहे. वारुळाला हात लावायचा नाही हे आजीने शिकवलेलं. त्याच्या आत काय काय नांदत असेल, याचा विचार मात्र मी कधी केला नव्हता.

आता मला पडलेला प्रश्न. १८५९ ते १९८१ ही माशी "हरवली" होती असं सगळे लिहितात. हरवली म्हणजे कुणाकडून? ती तर आपल्या जागी होती. वारुळात शिरत होती, राळ आणत होती, अंडी घालत होती. हरवली होती ती नोंदवहीतून. शेजारच्या हाल्माहेरा बेटावरच्या लोकांकडे तिला नावही आहे. "राजा ओफु" असंही तिला म्हणतात, म्हणजे माश्यांचा राजा. त्यातला "राजा" तुमचा-आमचाच, संस्कृतातून तिकडे गेलेला. लंडनच्या कागदावर तिला पाताळात ढकललं होतं. तिच्या मुलखात ती सिंहासनावर होती!

पण याची उलटी बाजूही सांगायला हवी, नाहीतर "आमच्या लोकांना सगळं आधीच ठाऊक होतं" या आपल्या नेहमीच्या वळणावर मी जाईन. बाचानच्या लोकांनी मेसरला सांगितलं होतं की आम्ही ही माशी पाहिलेली नाही. तेव्हा नाव असणं, ओळख असणं आणि नोंद असणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीवरून दुसरीचा हिशेब मांडता येत नाही. बावीस वर्षं दप्तर सांभाळतो आहे, म्हणून हे कळतं. सातबारावर नाव नाही म्हणून कुळ शेतावर नव्हतं असं होत नाही, आणि नाव आहे म्हणून तो कसतच होता असंही नाही.

नोंदीचा दुसरा धोका २०१८ साली दिसला. त्या मार्च महिन्यात ईबे या लिलावाच्या संकेतस्थळावर एक टाचलेली मेगाकायली प्लूटो विकायला आली आणि ९,१०० डॉलरला गेली. त्या वेळच्या दराने सहा लाख रुपयांच्या आसपास. त्याच वर्षी आणखी एक विकली गेली. या माशीच्या व्यापाराला तेव्हा कसलीच कायदेशीर आडकाठी नव्हती. निकोलास व्हेरेकेन या बेल्जियन शास्त्रज्ञाने त्याच वर्षी शोधपत्रिकेत या विक्रीवर लेख लिहून धोक्याची घंटा वाजवली. दुर्मीळ म्हणून किंमत आणि किंमत म्हणून आणखी दुर्मीळ, असं ते दुष्टचक्र आहे.

विकणाऱ्याला शिव्या घालणं सोपं आहे. मी घातल्याही. मग आठवलं, वॉलेस तरी दुसरं काय करत होता? तोही माश्या-फुलपाखरं टाचून लंडनला विकायलाच पाठवत होता. फरक आहे, नाही असं नाही. वॉलेसच्या काळी नमुना मारल्याशिवाय नोंदच होत नव्हती, आणि त्या नोंदीतून ज्ञान उभं राहिलं. ईबेवरच्या माशीतून उभं राहिलं ते कुणाच्या तरी भिंतीवरचं काचेचं खोकं.

मारल्याशिवाय नोंद करता येते का? याचं उत्तर घेऊन जानेवारी २०१९ मध्ये चौघे जण उत्तर मलुकुत उतरले. छायाचित्रकार क्ले बोल्ट, कीटकशास्त्रज्ञ एली वायमन, आणि सायमन रॉबसन व ग्लेन चिल्टन हे दोन प्राध्यापक. बोल्टचं सगळं काम रानातल्या देशी माश्यांचे फोटो काढण्याचं. अमेरिकेत गंजासारख्या ठिपक्याची एक गुबगुबीत माशी भराभर नाहीशी होत होती. तिच्यासाठी त्याने फोटो आणि माहितीपट घेऊन मोहीम चालवली होती. २०१७ साली ती संकटग्रस्त म्हणून कायद्याच्या यादीत आली, अमेरिकेच्या मुख्य भूमीवरची अशी पहिली मधमाशी. प्लूटोचा टाचलेला नमुना त्याला वायमनने न्यूयॉर्कच्या संग्रहालयात दाखवला होता. तेव्हापासून हिला जिवंत पाहायचं, हे दोघांच्या डोक्यात होतं.

दिवसांमागून दिवस ते वारुळं पाहत हिंडले. उकाडा, पाऊस, चिखल. एकेका वारुळासमोर वीस-वीस मिनिटं टक लावून उभं राहायचं आणि पुढे जायचं. त्या बेटावरचा शेवटचा दिवस उजाडला. सगळे थकलेले. तेव्हा त्यांच्या स्थानिक वाटाड्याला जमिनीपासून आठेक फुटांवर एक वारूळ दिसलं, आणि त्यात एक गोल भोक. वर चढून उजेड टाकला, तर आतली भिंत राळेने चकाकत होती, आणि मागे ती बसली होती. एकटी मादी. वॉलेसच्या पक्ष्यासारखंच इथेही पाहिलं एकाने आणि बातमीत नाव आलं दुसऱ्यांचं.

तिला हळूच बाहेर येऊ दिलं, थोडा वेळ पारदर्शक पेटीत ठेवून फोटो आणि चित्रीकरण केलं, आणि परत तिच्या दारात सोडलं. जिवंत प्लूटोचा जगातला हा पहिला फोटो. फेब्रुवारी २०१९ मध्ये तो जगभर छापून आला. आपल्याकडच्या पेपरांतही आला असेल, कुणाला आठवतो का पाहा.

हा फोटो छापायचा की नाही, यावर त्यांचं बरंच मंथन झालं असणार. बातमी फुटली की माशी विकणारे धावणार हे उघड होतं. त्यांची बाजू अशी, की विकणाऱ्यांना तर आधीच ठाऊक आहे, लिलाव झालाच आहे. आता गप्प बसून फक्त वाचवू पाहणाऱ्यांनाच अंधारात ठेवल्यासारखं होईल. म्हणून फोटो दिला, पण ते झाड नेमकं कुठलं ते सांगितलं नाही.

हे मला फार पटलं, कारण हा शहाणपणा आपल्याकडेही आहे. चतुर्थीला माटोळीचं सामान घेऊन येतात त्या माणसांना विचारून पाहा, अमुक फळ कुठल्या डोंगरावर मिळालं? हसतील आणि भलतीच दिशा दाखवतील. काही त्यात धंद्याचं असतं, काही तसं नसतं. सगळ्यांना कळलं तर पुढच्या वर्षी तिथे काही उरणार नाही, हे त्यांना पुस्तकाशिवाय कळतं. फोटो म्हणजे जाहिरात आणि फोटो म्हणजे पुरावा. दोन्ही एकदमच असतात. टाचणी गेली म्हणून धोका गेला असं नाही.

आणि पुरावा लागणार आहे, कारण एका माशीला विकत घेणाऱ्यापेक्षा अख्खं रान नाहीसं करणारा मोठा. तिला लागतं काय? खोडावर जिवंत वारूळ आणि जवळपास राळेचं झाड. दोन्ही मोठ्या जंगलातच. हाल्माहेरावर निकेलच्या खाणी आणि ते वितळवायचे कारखाने गेल्या काही वर्षांत झपाट्याने वाढले आहेत. डिचोली-सांगेच्या डोंगरांकडे पाहिलेल्या माणसाला खाण म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. आपल्या डोंगरांबरोबर कुठली माशी गेली असेल? त्याचं उत्तर द्यायला आधी डोंगरावर काय होतं ते कुणीतरी लिहून ठेवायला हवं होतं.

म्हणून मी आता एक वही घातली आहे. कचेरीची नव्हे, स्वतःची. तारीख, वेळ, फूल कुठलं, माशी कशी दिसली, पराग पायावर की पोटावर, आणि फोटोचा क्रमांक. जात कळली नाही तर "कळली नाही" असं स्वच्छ लिहायचं. घराभोवतीच्या शेवग्यावर, तुळशीवर, कुंपणावरच्या रानफुलांवर किती तऱ्हेच्या माश्या येतात ते पाहून थक्क व्हायला होतं. एक निळसर पट्ट्यांची आहे, ती तर एका जागी टिकतच नाही. तिचे तीस फोटो काढले, तिसांतही फक्त फूल आलं!

आणि ती खिडकी? रंगाऱ्याने दोन भोकं बुजवली. बिजागरीच्या मागचं तिसरं मात्र त्याच्या नजरेतून सुटलं होतं. यंदा एका सकाळी पाहतो तर त्याचं तोंड काळपट राळेने बंद. आत कुणीतरी आहे. शिपायाला सांगून ठेवलं आहे, ती खिडकी पुसताना तेवढी जागा सोड. तो म्हणतो, "कुंभारीणच ती, सायबा." म्हणू दे. सोडतो आहे ना!

कचेरी कुठली ते मात्र विचारू नका.